लक्ष लागण्याची गोळी: सीमाभागातील प्रौढांनी ती कशी मागावी, कशी घ्यावी

‘अण्णा, लक्ष लागायची गोळी मिळंल काय?’ हा प्रश्न पूर्वी आईबाप मुलांसाठी विचारत असत. आता विचारणारा स्वतःच तिशी-पस्तिशीचा असतो आणि गोळीही त्याला स्वतःसाठीच हवी असते. बेळगावात औषधाचे दुकान चालवताना हा बदल मला काउंटरच्या आतल्या बाजूने दिसत आला आहे. कोणी पुण्याच्या किंवा बंगळूरच्या कंपनीचे काम टिळकवाडीतल्या घरी बसून करणारा असतो, कोणी इंजिनिअरिंगचे दोन विषय राहिलेला असतो, तर कोणी उद्यमबागेतील कारखान्यात हिशेब पाहणारा असतो. मोबाइलवर कोणाचा तरी अनुभव ऐकून तो आलेला असतो, औषधाचे नाव त्याला पाठ असते आणि डॉक्टरांची चिठ्ठी मात्र नसते. मागे तीन गिऱ्हाइके उभी असताना त्याला जे सांगता येत नाही, ते येथे सवडीने लिहीत आहे. मी औषधविक्रेता आहे, डॉक्टर नव्हे; निदान आणि मात्रा हा माझा प्रांत नाही. चिठ्ठी हातात पडण्यापूर्वी कोणती तयारी करावी आणि ती पडल्यानंतर काय सांभाळावे, एवढे सांगणे मात्र माझ्या धंद्यात बसते.

बातमी कोठली, हे आधी पाहावे

लक्ष टिकवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या उत्तेजक, म्हणजे मेंदूला चालना देणाऱ्या, औषधांचा वापर प्रौढांत वाढत असल्याच्या ज्या बातम्या आपल्यापर्यंत पोहोचतात, त्या बहुतेक अमेरिकेतल्या असतात आणि तेथे ती वाढ खरी आहे. नोकरीतून आरोग्यविमा मिळालेल्या लोकांच्या नोंदी तेथील रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, तपासून २०२३ मध्ये प्रसिद्ध केल्या. वर्षभरात एकदा तरी असे उत्तेजक औषध घेतलेल्यांचे प्रमाण २०१६ मध्ये ३.६ टक्के होते, ते २०२१ मध्ये ४.१ टक्के झाले. त्यातही २०२० ते २०२१ या एकाच वर्षात १५ ते ४४ वयाच्या स्त्रियांत आणि २५ ते ४४ वयाच्या पुरुषांत हे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक वाढले. पुढे २०२३ च्या पाहणीत असे दिसले की तेथील सुमारे १ कोटी ५५ लाख प्रौढांना एडीएचडीचे, म्हणजे अवधान टिकवण्यातील अडचण आणि अतिचंचलता या विकाराचे, निदान झालेले आहे. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना ते मोठेपणी झाले आणि साधारण एकतृतीयांश लोक उत्तेजक औषध घेत होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच विकारावरच्या ॲडरॉल या उत्तेजक औषधाचा तुटवडा तेथे अधिकृतपणे जाहीर झाला होता, आणि २०२३ च्या त्या पाहणीत औषध घेणाऱ्यांपैकी ७१.५ टक्के लोकांनी दुकानात औषध शिल्लक नसल्यामुळे अडचण आल्याचे सांगितले.

वाढीची कारणे अनेक आहेत. निदानाचे निकष २०१३ मध्ये बदलले आणि सतरा वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तीसाठी नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी मानली जाऊ लागली. ज्या मुली वर्गात दंगा न करता नुसत्याच खिडकीबाहेर बघत बसायच्या, त्यांच्याकडे शाळेत कोणाचे लक्ष गेले नव्हते; त्या आता बायका झाल्यावर, बहुधा स्वतःच्या मुलाला डॉक्टरांकडे नेले असता, स्वतःचीही तपासणी करून घेऊ लागल्या. तिसरे कारण करोनाच्या काळातले आहे. मार्च २०२० पासून अमेरिकेत अशी नियंत्रित औषधे रुग्णाला समोरासमोर न पाहता, फोनवर किंवा व्हिडिओवर बोलून लिहून देण्यास सूट मिळाली.

यांतील पहिली दोन कारणे आपल्याकडेही लागू पडतात; तिसरे पडत नाही. भारत सरकारने त्याच महिन्यात, २५ मार्च २०२० रोजी, दूरवैद्यकीय सेवेची जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतील औषधे आणि अमली पदार्थ कायद्याखालील मनोविकारी द्रव्ये फोनवरून किंवा व्हिडिओवरून लिहून देण्यास स्पष्ट मनाई केलेली आहे, आणि लक्ष लागण्याची ही उत्तेजक गोळी त्यांतच मोडते. एकाच महिन्यात दोन देशांनी दोन उलट निर्णय घेतले, ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे परदेशातील बहीण किंवा मित्र ‘अर्ध्या तासाच्या व्हिडिओ कॉलमध्ये काम झाले’ असे सांगतो तेव्हा आपल्यालाच कोणी मुद्दाम अडवते आहे, असे वाटणार नाही.

कोणते औषध, आणि ते करते काय

मेंदूतील पेशी डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन ही द्रव्ये एकमेकींकडे सोडतात आणि उरलेली परत शोषून घेतात. या उत्तेजक औषधांपैकी मेथिलफेनिडेट हे औषध ते शोषण रोखते, त्यामुळे ती द्रव्ये अधिक वेळ टिकतात. ॲम्फेटामाइन गटातील औषधे, ज्यांत ॲडरॉल येते, शोषण रोखतातच, शिवाय ती द्रव्ये अधिक प्रमाणात बाहेरही ढकलतात. मेथिलफेनिडेट १९४४ मध्ये बासेल येथील सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझ्झोन यांनी तयार केले आणि पत्नीच्या रीटा या लाडक्या नावावरून त्याचे नाव रिटालिन पडले. ॲम्फेटामाइन त्याहून बरेच जुने, १८८७ मधील आहे. भारतातील प्रौढाच्या चिठ्ठीवर उत्तेजक औषध म्हणून जे नाव दिसते ते मेथिलफेनिडेटचे. मोबाइलवर सतत कानावर पडणारे ॲडरॉल येथे विक्रीला नाही, तेव्हा त्याचा शोध घेत दुकाने पालथी घालण्यात अर्थ नाही. ॲटोमोक्सेटिन हे याच विकारावरचे पण उत्तेजक नसलेले औषध आहे. ते साध्या चिठ्ठीवर मिळते. त्याचा गुण मात्र यायला काही आठवडे लागतात आणि दोन दिवसांत फरक पडला नाही म्हणून पुष्कळ जण ते सोडून देतात.

परीक्षेच्या हंगामात मोडाफिनिलची चौकशी अधिक होते. ते नार्कोलेप्सी या झोपेच्या विकारावरचे औषध आहे, अभ्यासावरचे नव्हे. शिवाय गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम ते कमी करते, ही गोष्ट मागणारीला बहुधा कोणी सांगितलेली नसते. निरोगी माणसाला अशा औषधांनी कितपत फायदा होतो, याचा एक चांगला प्रयोग मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. चाळीस निरोगी तरुणांना मेथिलफेनिडेट, डेक्स्ट्रोॲम्फेटामाइन, मोडाफिनिल किंवा नुसतीच निरुपद्रवी गोळी आळीपाळीने देऊन एक कोडे सोडवायला दिले होते: ठरावीक वजन पेलणाऱ्या पिशवीत कोणत्या वस्तू भरल्या असता सर्वांत जास्त किमतीचा माल बसेल. औषध घेतलेल्यांनी अधिक वेळ खटपट केली, अधिक वेळा वस्तू उलटसुलट केल्या, पण त्या खटपटीचा दर्जा घसरला. शनिवार खूटच्या बाजारात मोठी पिशवी भरणाऱ्या कोणत्याही मावशीला या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही.

गोळीच्या आधी प्रगतिपुस्तक शोधावे

एडीएचडी हा तिसाव्या वर्षी अचानक सुरू होणारा विकार नाही. निकषानुसार त्याची काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात, ती एकाहून अधिक ठिकाणी, म्हणजे घरी आणि शाळेत, किंवा घरी आणि कामावर, त्रास देणारी असावी लागतात, आणि दुसऱ्या एखाद्या आजाराने ती अधिक चांगली समजून घेता येत असतील तर हे निदान करता येत नाही. यासाठी रक्ताची कोणतीही चाचणी नाही आणि डोक्याच्या स्कॅनमधूनही ते ठरत नाही. सारा भर इतिहासावर असतो, आणि तो इतिहास आपण नीट नेला तरच डॉक्टरांच्या हाती काही लागते.

म्हणून पहिले काम दवाखान्यात जाण्याचे नसून माळ्यावरची ट्रंक काढण्याचे आहे. खानापूर तालुक्यातील एका गिऱ्हाइकाने आपली प्राथमिक शाळेची प्रगतिपुस्तके मला दाखवली होती. निळ्या पुठ्ठ्याची, कडा खाल्लेली, प्रत्येकावर वडिलांची सही. दुसरीच्या बाईंनी लिहिले होते, ‘हुशार आहे, परंतु वर्गात लक्ष नसते.’ तिसरीच्या गुरुजींच्या अक्षरात ‘वस्तू हरवतो’ असे होते. चौथीत पुन्हा ‘हुशार आहे पण’ इतके लिहून पुढचे वाक्य सोडून दिलेले होते, जणू गुरुजींचेही लक्ष तेथून उडाले असावे. तीन वर्षे, तीन वेगळी हस्ताक्षरे आणि तक्रार एकच, असा कागद मनोविकारतज्ज्ञासमोर ठेवला तर अर्ध्या तासाच्या बोलण्याइतके काम होते.

प्रगतिपुस्तक मिळाले नाही तर आईला, थोरल्या बहिणीला किंवा ज्यांच्या घरी राहून शिकलो त्या मामांना विचारावे. मात्र ‘मी लहानपणी चंचल होतो काय?’ असे विचारले की हो म्हणणारे हो म्हणतात आणि नाही म्हणणारे आपल्या लेकराला नाव ठेवायचे नाही म्हणून नाही म्हणतात. त्याऐवजी प्रसंग विचारावेत: किराणा आणायला पाठवले तर काय आणायचा, डबा शाळेत कितीदा विसरला, पाढे म्हणताना मध्येच कोठे निघून जायचा. उत्तरे वर्ष आणि इयत्ता घालून एका कागदावर उतरवावीत. त्याच्या खालीच मोठेपणाची हकीकत लिहावी: सोडलेल्या नोकऱ्या आणि त्यांची कारणे, चुकलेले हप्ते, वाहनाचे अपघात, गॅसवर ठेवून विसरलेले दूध. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठी सहा प्रश्नांची एक चाळणी आहे. ती भरून न्यावी, पण तिने केवळ पुढील तपासणीची गरज आहे की नाही एवढेच कळते.

यानंतर दुसऱ्या शक्यता तपासाव्यात, आणि येथे घाई करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. लक्ष न लागण्याची जितकी कारणे मी दुकानात पाहिली, त्यांत उत्तेजक औषधाची गरज असलेली थोडी होती. थायरॉइडची गोळी दोन महिने बुडवलेली असते. हिमोग्लोबिन उतरलेले असते. शाकाहारी घरात बी-१२ तळाला गेलेले असते. घोरणारा माणूस रात्रभर गुदमरत झोपतो आणि दिवसा पेंगतो. शहापूर-वडगावच्या मागांवर किंवा कारखान्यात आठवड्याला पाळी बदलणाऱ्याच्या झोपेचा तर ताळमेळच राहत नाही. उदासी आणि चिंता यांतही एकाग्रता जाते. तंबाखूचे निकोटिन हेदेखील उत्तेजकच असल्याने निपाणीकडचा एखादा गृहस्थ दिवसभर तोच उपचार स्वतःवर करत असतो आणि तंबाखू सोडली की चित्त थाऱ्यावर राहत नाही म्हणून घाबरतो. थायरॉइड, रक्ताचे प्रमाण, बी-१२, साखर आणि रक्तदाब एवढे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून पाहून घेतले आणि ते कागद बरोबर नेले, तर मनोविकारतज्ज्ञांची पहिली भेट तपासण्या लिहून देण्यातच संपत नाही.

कोठे जावे, कोणत्या भाषेत बोलावे

तपासणी मनोविकारतज्ज्ञांकडे करावी. बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे जिल्हा रुग्णालय आहे, खासगीत केएलई रुग्णालय आणि स्वतंत्र दवाखाने आहेत. धारवाडची मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञान संस्था, जिला सगळे डिमहान्स म्हणतात, येथून पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवर आहे. निपाणी, चिकोडी आणि अथणीकडील लोक कोल्हापूर, मिरज किंवा सांगलीला जातात. कर्नाटकाच्या मनोचैतन्य कार्यक्रमात तालुका रुग्णालयात मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ येण्याची सोय आहे. निघण्यापूर्वी रुग्णालयात विचारून त्या मंगळवारची खात्री करून घ्यावी.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे खरा आहे आणि तो झाकून ठेवू नये. पोटदुखी खुणेने सांगता येते; ‘वाचतो पण डोक्यात उतरत नाही’, ‘बसलो की आतून कोणीतरी उठवल्यासारखे होते’ हे खुणेने सांगता येत नाही आणि तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत सांगितले तर त्याचे ‘टेन्शन आहे’ एवढेच उरते. नोंदणीच्या खिडकीवरच मराठी समजणारे डॉक्टर किंवा समुपदेशक आहेत का, हे विचारावे. नसतील तर आपला लेखी कागद मराठीत आणि कन्नड किंवा इंग्रजीत असा दोन्ही करून न्यावा, आणि दुभाषा म्हणून घरच्या माणसाला नेताना विचार करावा, कारण दारूची किंवा कर्जाची गोष्ट भावजीसमोर कोणी सांगत नाही. आधी नुसते बोलून पाहायचे असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि तेथे भाषा निवडता येते. मात्र वर सांगितलेल्या नियमामुळे मेथिलफेनिडेटची चिठ्ठी तेथून मिळणार नाही, त्यासाठी प्रत्यक्षच जावे लागेल.

चिठ्ठी दोन प्रतींत का

मेथिलफेनिडेट हे औषध नियमावली १९४५ मधील शेड्यूल एक्समध्ये येते आणि १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील मनोविकारी द्रव्यांच्या यादीतही ते आहे. पट्टी हातात आली की वरच्या डाव्या कोपऱ्यात लाल रंगात एक्सआरएक्स ही अक्षरे छापलेली दिसतात; नेहमीच्या औषधांवर नुसते आरएक्स असते. हे औषध किरकोळ विकण्यासाठी दुकानाला फॉर्म २०-एफ हा वेगळा परवाना लागतो, साठा स्वतंत्र कपाटात कुलूप लावून ठेवावा लागतो, आणि चिठ्ठी दोन प्रतींत असावी लागते. एक प्रत दुकानदार ठेवून घेतो आणि दोन वर्षे जपतो. ‘माझी चिठ्ठी ठेवून घेतली’ म्हणून वाद घालणारे मी पाहिले आहेत. ती ठेवून घेणे हे त्याचे कर्तव्य आहे.

म्हणून दवाखान्यातून उठण्यापूर्वीच चिठ्ठी एकदा वाचावी. तीवर आपले नाव आणि पत्ता, तारीख, औषधाचे नाव, एका वेळची मात्रा, एकूण गोळ्यांची संख्या, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक स्पष्ट असावा. एकूण संख्या लिहायचे राहते आणि त्यासाठी माणसाला पुन्हा धारवाडला जावे लागते, असे एकदा नव्हे तर अनेकदा झालेले आहे. डॉक्टरांनी मुद्दाम तसे लिहिलेले नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच मिळते, त्यामुळे गोळ्या संपायच्या दिवशी न जागे होता आठवडाभर आधी पुढची भेट ठरवावी. मोबाइलमधील चिठ्ठीचा फोटो येथे चालत नाही.

आता सीमेची अडचण. नोंदणीकृत डॉक्टरांची चिठ्ठी संकेश्वरला चालते आणि गडहिंग्लजला संपते, असे काही नाही. परंतु कोल्हापूरची चिठ्ठी बेळगावात आणली की शेड्यूल एक्सचा दुकानदार बिचकतो, कारण तपासणी आली तर उत्तर त्याला द्यायचे असते. त्यावरचा व्यवहारी मार्ग असा की डॉक्टरांनाच विचारावे, ‘हे औषध आपल्या ओळखीच्या कोणत्या दुकानात असते?’ आणि शक्यतो तेथूनच, दर वेळी त्याच दुकानातून घ्यावे. एक दुकान ठरले म्हणजे दुकानदार पुढच्या महिन्याचा साठा आधी मागवून ठेवतो.

माझ्या दुकानाला हा परवाना नाही. महिन्याला दोन गिऱ्हाइकांसाठी कुलूपबंद कपाट आणि वेगळी नोंदवही सांभाळणे परवडत नाही, आणि हेच बहुतेक छोट्या दुकानांचे कारण असते. पण येथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी चिठ्ठी घेऊन आलेल्या एका तरुणाला मी ‘ते आमच्यात नसतं’ एवढेच म्हणून परत पाठवले. असते कोठे, हे सांगायचे सुचले नाही. तीन दुकाने फिरून त्याने कुठल्याशा संकेतस्थळावरून पाकीट मागवले. पुढे ते दाखवायला तो माझ्याकडेच आला, तेव्हा पट्टीवर उत्पादकाचा पत्ता नव्हता, बॅच क्रमांकाची शाई बोटाने पुसली जात होती आणि आत गोळ्यांचे दोन रंग होते. त्यानंतर कोणत्याही दुकानदाराने नुसते नाही म्हटले तर त्यालाच ‘मग कोठे मिळेल?’ असे विचारावे, हे मी प्रत्येकाला सांगतो.

सुरू केल्यानंतर

मात्रा कमीपासून सुरू होते आणि हळूहळू वाढवली जाते. साध्या मेथिलफेनिडेटचा परिणाम तीन-चार तास टिकतो, हळूहळू विरघळणाऱ्या प्रकाराचा आठ ते बारा तासांपर्यंत. दुसरा प्रकार चावून, फोडून किंवा कुटून घेऊ नये, कारण मग दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते. सकाळी घ्यावी. सकाळची गोळी विसरली आणि चार वाजता आठवली, तर बहुधा त्या दिवशी सोडून देणेच बरे, अन्यथा रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. तरी आपल्या औषधाबाबत असे झाल्यास काय करावे, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारून ठेवावे.

भूक मंदावणे, तोंडाला कोरड पडणे, झोप उडणे, नाडी आणि रक्तदाब वाढणे हे नेहमी दिसणारे परिणाम आहेत. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोजच्या तारखेच्या चौकोनात सकाळची नाडी, आठवड्यातून एकदा रक्तदाब आणि वजन, आणि झोपेचे तास लिहावेत. महिनाअखेर ते पान फाडून डॉक्टरांकडे न्यावे. भूक नसली तरी गोळीआधी भाकरीचा चतकोर तरी पोटात जावा. संकष्टी, एकादशी किंवा श्रावणी सोमवारी पोट रिकामे, वर हे औषध आणि उपवासाला चालतो म्हणून चार कप चहा, असे जमले की छातीत धडधड होऊन माणूस रात्री दवाखाना शोधतो. असे उपवास पाळणाऱ्याने त्या दिवसाचे काय करायचे, हे आधीच विचारावे. छातीत दुखणे, भोवळ, भास होणे किंवा विनाकारण संशय येऊ लागणे यांपैकी काही झाले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

हृदयाचा आजार, वाढलेला व आटोक्यात नसलेला रक्तदाब, काचबिंदू, वाढलेला थायरॉइड, घरात कोणाला तरी झालेला तीव्र मनोविकार, गर्भधारणा किंवा तिचा विचार, यांतले काहीही असेल तर ते न विचारताच सांगावे. सर्दीच्या ज्या गोळ्यांत नाक मोकळे करणारे फेनिलेफ्रिन असते, त्याही रक्तदाब वाढवतात. दुकानात सर्दीचे औषध मागताना आपण मेथिलफेनिडेट घेतो हे बोलून दाखवावे. एमएओ गटातील उदासीवरची औषधे चालू असतील, किंवा ती बंद करून चौदा दिवस झाले नसतील, तर हे औषध घेता येत नाही. क्षयरोगाच्या काही रुग्णांना दिले जाणारे लिनेझोलिड हे प्रतिजैविकही त्याच प्रकारे वागते, हे घरच्यांनाच काय, कधी कधी दुसऱ्या विभागाच्या डॉक्टरांनाही चटकन आठवत नाही.

बॅगेतून आलेली बाटली आणि उसनी गोळी

अमेरिकेत प्रौढांच्या २०२१-२२ मधील पाहण्यांत असे आढळले की डॉक्टरांनी लिहून दिलेली उत्तेजक औषधे वापरणाऱ्या १८ ते ६४ वयाच्या लोकांपैकी २५.३ टक्के लोकांनी ती सांगितल्याहून वेगळ्या रीतीने वापरली होती आणि ९ टक्के लोकांत ते व्यसनविकाराच्या पातळीला गेले होते. म्हणजे चौघांत एक. त्याच देशाच्या औषध प्रशासनाने मे २०२३ मध्ये या सर्व औषधांवरील ठळक चौकटीतला इशारा नव्याने लिहायला लावला आणि त्यात इतरांना गोळ्या देण्याचा धोका मुद्दाम घातला.

आपल्याकडे हा धोका बहुधा मायेच्या रूपाने येतो. गणपतीला आलेला पुतण्या नारिंगी प्लॅस्टिकची बाटली काढतो, पांढऱ्या झाकणाची, पोटावर त्याचे नाव आणि टेक्सासमधल्या दुकानाचा पत्ता, आणि म्हणतो, ‘काकी, दोन घेऊन बघा की, दिवसभर काम कराल.’ काकींचा रक्तदाब १५० च्या वर असतो. पुतण्याकडे स्वतःची चिठ्ठी आहे म्हणून ते औषध त्याचे आहे. त्यातली एक गोळी दुसऱ्याच्या तळहातावर पडली की भारतात तो अमली पदार्थ कायद्याचा विषय होतो, नाते कोणतेही असो. त्याने औषध मूळ बाटलीत, चिठ्ठीच्या प्रतीसह आणि मुक्कामापुरतेच आणावे. उलट दिशेने परदेशी निघालेल्या आपल्या माणसाने त्या देशाचा नियम आधी विचारावा. जपानमध्ये तर ॲडरॉल डॉक्टरांच्या चिठ्ठीसह नेण्यासही बंदी आहे.

वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत चौघे राहत असतील तर पट्टी उशाखाली न ठेवता पेटीत कुलूप लावून ठेवावी आणि पट्टीच्या मागे तारीख टाकत जावे, म्हणजे एखादी गोळी कमी झालेली लगेच कळते. औषध बदलले किंवा बंद झाले आणि गोळ्या उरल्या, तर त्या दुकानदार परत घेऊ शकत नाही. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये अशा सतरा औषधांची यादी दिली आहे, जी घरच्या कचऱ्यात न टाकता शौचालयात टाकून पाण्याने वाहून द्यायची असतात. मेथिलफेनिडेट त्या यादीत आहे. गोळ्या पट्टीतून काढून टाकाव्यात आणि रिकामी पट्टी कात्रीने कापून मग कचऱ्यात द्यावी.